दोनशे सोळा घरं आणि एक गडगडाट

मी एक जुना पत्रा आहे. आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाठीत बाक आलेला. मित्रांनो, पत्रा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर छप्पर आलं असेल. येणारच. मलाही छप्परच व्हायचं होतं. माझे सगळे भाऊबंद छपरं झाले आणि सुखाने उन्हात पडून राहिले. माझ्या वाट्याला मात्र गडगडाट आला. मी आयुष्यभर ढग फोडले, भल्याभल्यांना खुर्चीतून दचकवलं, पण माझ्या स्वतःच्या अंगावर पावसाचा पहिला थेंब पडायला पंचेचाळीस वर्षं जावी लागली. तो कुठून पडला ते शेवटी सांगतो. आधी नीट बसा. आताशा मी फार दमतो. बोलता बोलता मध्येच थांबलो तर समजून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. दोन जाडजूड रुळांमधून मला लाटून काढलं, तेव्हा त्यातला एक रूळ जरा सैल झाला होता. झालं! माझी एक कड लांब, दुसरी आखूड, आणि पाठीला जन्माचा बाक. दुकानात आलो तर दुकानदाराने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मला कुणी नुसता हात लावला तरी मी घुंऽऽ करून कुरकुरायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "हा नको बुवा, हा रात्रभर झोपू देणार नाही." दीड वर्ष मी भिंत बघत काढलं. वाट बघण्याची सवय मला तिथूनच लागली, आणि पुढे तीच माझी खरी नोकरी झाली.

एके दिवशी एक किडकिडीत गृहस्थ आले. बाहीला शाईचे डाग, खिशातून डोकावणारे कागद. ते पत्र्यांच्या रांगेतून बोटाच्या पेराने टकटक करत चालले होते.

"छप्पर किती मोठं आहे?" दुकानदाराने विचारलं.

"छप्पर नाही हो. वादळ आहे."

दुकानदार अर्धं आयुष्य पत्रे विकण्यात मुरलेला. त्याने पापणीही न लवू देता विचारलं, "बरं. मग किती फुटी देऊ?"

ते गृहस्थ नाटककार होते. टकटक करत ते माझ्यापर्यंत आले, मी नेहमीसारखा कुरकुरलो, आणि ते एवढे खूश झाले की काय विचारता! "हा भांडकुदळ आहे. हाच द्या," म्हणाले. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

नाट्यगृहाच्या सुताराने माझ्या वरच्या कडेला दोन भोकं पाडली, साखळ्या अडकवल्या, खालच्या कडेला दोन लाकडी मुठी ठोकल्या आणि मला रंगमंचाच्या डाव्या अंगाला, पडद्याआड टांगलं. मला हलवायला जो माणूस ठेवला तो आधी पडदा ओढायचा. मनगट असं की दोरीलाही धाक वाटावा. त्यांचं खरं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण आठवड्याभरात सगळे त्यांना गडगडे म्हणायला लागले, आणि पुढे टपालवालासुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. मीही त्यांना गडगडेच म्हणणार.

गडगडे मला कधी हिसडा देत नसत. लोकांना वाटतं, पत्रा धरला आणि गदागदा हलवला की झाला गडगडाट. छे! आधी नुसत्या बोटांनी थरथरवायचं, म्हणजे ढग लांब आहेत असं वाटतं. मग मनगट, मग खांदा. आणि शेवटी तळहात माझ्या अंगावर सपाट ठेवून आवाज दाबायचा. हे दाबणं सगळ्यात अवघड. गडगड्यांचा तो तळहात मला आजही आठवतो. खरखरीत होता, पण ऊबदार.

आता नाटकाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नदीकाठी एक आई राहते. मुलगा भांडून पलीकडच्या काठाला निघून गेलाय. तिसऱ्या अंकात वादळ येतं आणि आई दारात उभी राहून पलीकडे ओरडते, "दार उघडंच आहे रे, ये..." तिचं वाक्य पुरं होण्याआधीच ढग गडगडतो आणि शेवटचे शब्द त्यात बुडून जातात. नाटककारांनी तिथे वहीत नुसती टिंबं काढली होती. आईचं काम करणाऱ्या बाई तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या. पांढरे केस लावून, पाठ वाकवून उभ्या राहायच्या. त्यांनी विचारलं, "इथे मी काय म्हणू?"

"काय वाटेल ते म्हणा," नाटककार म्हणाले. "पलीकडच्या मुलाला ते ऐकू जात नाही ना, मग लोकांनाही जायला नको. पण म्हणा मात्र काहीतरी. नुसते ओठ हलवलेले मला चालायचे नाहीत."

तेव्हापासून रोज तसंच व्हायचं. बाई "ये" म्हणाल्या की सुताराने लावलेला लाल दिवा पेटायचा. गडगड्यांचा डोळा त्या दिव्यावर. दिवा पेटला की मी. अडीच तास टांगून राहायचं आणि आठ सेकंद बोलायचं, असा माझा दिवस. त्या आठ सेकंदांत बाई काय म्हणतात ते ना लोकांना ऐकू यायचं, ना गडगड्यांना, ना मला. स्वतः ओरडत असताना दुसऱ्याचं कुणाला ऐकू येतं?

नाटक चाललं. चाललं म्हणजे काय, बारा वर्षं चाललं! वर्तमानपत्रात छापून आलं की वादळ अगदी खरं वाटतं. गडगड्यांनी ते कात्रण माझ्या शेजारच्या खिळ्याला अडकवलं होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते उगाचच त्या खिळ्याजवळ उभं करून बोलत. दुसऱ्या वर्षी त्यांचं आणि बाईंचं लग्न झालं. सगळ्यांना मोठं नवल वाटलं, मला नाही वाटलं. मी तिथेच तर टांगलेला होतो, रोज बघत होतो.

लग्नानंतर बाईंना एक खेळ सापडला. प्रयोग संपला की पांढरे केस हातात घेऊन त्या माझ्यामागे यायच्या. "अहो, ऐकलंत का?" अशी त्यांची हाक. 'अहो' जरा ओढून, मध्ये एक श्वास, मग पुढचं झपझप, आणि 'का' वर आवाज असा टुणकन उडी मारून चढायचा. ती हाक डोळे मिटूनही ओळखू यावी. आणि गडगडे तेव्हा माझ्या साखळीला तेल देत असायचे. मान वर न करता "हं" म्हणायचे.

"मी शेवटी काय म्हणते ते ओळखा पाहू."

"लवकर ये, म्हणत असशील."

"नाही."

"जेवायला ये?"

"जेवण कुठून आलं मध्येच! नाही."

"मग सांगून टाक ना."

"सांगायचं नाही. ऐकायचं." आणि हसत निघून जायच्या.

नवव्या वर्षी एक संगीतकार आले. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहायचे. व्हायोलिनं, चेलो, बासऱ्या, नगारे, अशी ऐंशी माणसं एकदम वाजवतात ना, तसलं. त्यांना आमच्या नाटककारांच्या तीन नाटकांवरून एक मोठी रचना करायची होती. शब्द नाहीत, गाणं नाही, नुसती वाद्यं. पहिला भाग विहिरीवरून भांडणाऱ्या दोन भावांचा, दुसरा एका विसरभोळ्या शिक्षिकेचा, आणि तिसरा आमच्या नदीचा. ते येऊन पडद्याआड बसायचे आणि माणसं कशी बोलतात ते सुरांत लिहून घ्यायचे. कुठे आवाज चढतो, कुठे उतरतो, कुठे अडखळतो. अबोल माणूस. चहा दिला तरी चहाकडे बघून मान हलवायचे.

त्या दिवसांत एका दुपारी माझी साखळी तुटली. गडगडे मला खांद्यावर घेऊन लोहाराकडे गेले. नेमकी त्याच दुपारी आमच्या माघारी तालीम झाली, आणि वादळाच्या जागी कुणी काही वाजवलं नाही. बाई शेवटपर्यंत म्हणाल्या आणि संगीतकारांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. आम्ही परत आलो तेव्हा सगळे आमच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होते. बाईंनी संगीतकारांना तर्जनी दाखवून दटावलं होतं म्हणे. ते एवढंच म्हणाले, "शब्द तुमचे तुमच्यापाशी. मी सूर तेवढे घेतलेत." गडगडे बिचारे खिळा ठोकत राहिले. पुढे वर्षभराने नाटककार गेले, आणि आणखी दोन वर्षांनी नाटकही थांबलं.

मला वाटलं, चला, सुटलो. आता तरी कुणीतरी छपरावर घालेल. पण संगीतकारांनी आपल्या रचनेत माझी जागा लिहून ठेवली होती, आणि दुसरा कुठलाही पत्रा त्यांना चालेना. पत्रा आला म्हणून गडगडेही वाद्यवृंदात आले. काळा कोट, पांढरा सदरा. मला रंगमंचावर, सगळ्यांच्या देखत टांगलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "हे काय गं, दार बसवायचं राहिलंय का इथे?"

मित्रांनो, वाद्यवृंदात प्रत्येकाकडे फक्त आपल्यापुरता कागद असतो. बासरीवाल्याकडे बासरीचा, चेलोवाल्याकडे चेलोचा. सगळ्यांचं मिळून एकत्र लिहिलेलं फक्त संचालकांच्या पुढ्यात, जे काठी हलवतात त्यांच्या. कागदावर उभ्या रेघा मारून घरं पाडलेली असतात. चार ठोक्यांचं एक घर. गडगड्यांच्या कागदावर तिसऱ्या भागासाठी काय लिहिलं होतं ठाऊक आहे? 'दोनशे सोळा घरं गप्प. मग गडगडाट.' बस्स. बाकी कोण काय वाजवतंय याचा एक शब्द नाही.

मग मोजण्याशिवाय काय करणार? गडगडे पेरांवर मोजायचे. अंगठा चार बोटांच्या बारा पेरांवरून फिरवायचा, एकेका घराला एक पेर. हात भरला की बारा. अठरा वेळा हात भरला की दोनशे सोळा. तोंडाने पुटपुटायचं नाही, पायाने ठेका धरायचा नाही, शेजारचा नगारेवाला खोकला तरी डगमगायचं नाही. त्यांनी एकदाही चूक केली नाही. पण मोजताना मन रिकामं राहत नाही. समोर ऐंशी माणसं जीव ओतून वाजवत असायची आणि गडगड्यांच्या डोक्यात एकशे तीन, एकशे चार, एकशे पाच.

हळूहळू ते सगळंच मोजायला लागले. जिन्याच्या पायऱ्या, चहात फिरवलेला चमचा, समोरच्याने घेतलेले श्वास. बाई दुपारच्या तालमीला त्यांचा डबा घेऊन यायच्या आणि माझ्या शेजारी नगाऱ्याच्या पेटीवर बसायच्या.

"अहो, ऐकलंत का?"

"चौऱ्याण्णव."

बाई आधी खूप हसायच्या. नंतर नंतर कमी हसायला लागल्या. पण एक सांगतो, रागावल्या कधी नाहीत. एकदा मात्र त्यांनी विचारलंच, "तो तिसरा भाग तुम्ही नीट ऐकलाय का हो कधी? माझा आवाज आहे त्यात."

"मोजू की ऐकू?" गडगडे म्हणाले. "एक घर चुकलं तर ऐंशी माणसं माझ्या नावाने शंख करतील."

"एकदा चुका की. काय आभाळ कोसळणार आहे?"

"अगं, तेच तर कोसळवायचं असतं मला. वेळेवर."

त्या दिवशी दोघंही पोट धरधरून हसले. डब्याचं झाकण खाली पडलं, गडगडत माझ्यापर्यंत आलं, आणि मीही घुंऽऽ केलं.

पाच वर्षांपूर्वी डबा यायचा बंद झाला. बाई गेल्या. आजारपण फार लांबलं नाही, एवढीच काय ती देवाची दया. गडगडे चौदाव्या दिवशी तालमीला आले, कागदात गुंडाळलेला पाव पेटीवर बसून खाल्ला आणि मला पुसायला घेतलं. पुसता पुसता हात थांबला. "काय म्हणायची रे ती शेवटी?" त्यांनी मला विचारलं. "तू तर तिथेच होतास."

मी काय सांगणार? मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते नेमकं हे. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. बारा वर्षं मी बाईंपासून चार हातांवर टांगलेला, आणि बारा वर्षं मी माझंच घोडं पुढे दामटत राहिलो.

संगीतकारही तोवर गेले होते, सुतारही. त्या दुपारच्या तालमीतलं विचारायला कुणी उरलं नव्हतं. गडगड्यांनी घरी रचनेची रेकॉर्ड लावून पाहिली. ते मला सांगायचे, "अरे, सुरू झाली की अंगठा आपोआप पेरांवर जातो. हातावर बसून पाहिलं. मग दात मोजायला लागलो जिभेने." आणि शेवट आला की रेकॉर्डमध्येही आम्हीच दोघं गडगडत होतो. त्यांची एवढीच इच्छा राहिली होती. बायको शेवटी काय म्हणायची ते कळावं. सत्तरी आली, बोटांची पेरं सुजून सुपारीएवढी झाली, तरी ते माझ्या मुठी सोडत नव्हते ते त्याचसाठी. त्या जागेपाशी उभं राहिलं की निदान ती जवळ असल्यासारखं वाटतं, असं म्हणायचे.

मग नवे संचालक आले. वयाने तरुण, काठी हलवण्यात तरबेज, आणि मनाने वाईट नाहीत हो. सगळे त्यांना काठीवाले म्हणतात. ते एक काळी पेटी घेऊन आले. कळ दाबली की पेटीतून गडगडाट. "काका," ते म्हणाले, "तुमच्या हातांकडे बघवत नाही मला. शिवाय हा पत्रा गाडीतून नेता येत नाही, जिन्यावर वळत नाही."

"मी या कार्यक्रमानंतर थांबतोच आहे," गडगडे म्हणाले. "पण पत्रा ठेवा. त्याच्यासाठी लिहिलंय ते."

काठीवाल्यांनी जरा विचार केला. "बरं. हा कार्यक्रम बिनचूक होऊ दे. मग ठेवू."

म्हणजे माझं सगळं त्या सुजलेल्या पेरांवर आलं. गडगड्यांनी आठ दिवस मेहनत घेतली. साखळ्यांना तेल, मुठींना नवे खिळे. आपल्या कागदावर त्यांनी पेन्सिलीने एक मोठा चष्मा काढला. वादकांची ही जुनी खूण आहे, चष्मा काढला म्हणजे इथे मान वर करून संचालकांकडे बघायचं. चूक होऊ नये म्हणून माणसाने आणखी काय करावं?

संध्याकाळी सभागृह भरलं. दोन भावांचं भांडण झालं. विसरभोळी शिक्षिका झाली, लोक हसले. मग नदी सुरू झाली. चेलोंनी पाणी वाहायला लावलं. गडगडे माझ्यामागे उभे राहिले, अंगठा पेरांवर. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. पहिला हात भरला, दुसरा, पाचवा, दहावा. सगळं ठीक चाललं होतं. पंधराव्या हाताला अंगठा अडखळला. बोटं इतकी आखडली होती की अंगठ्याला पेर कळेना. त्यांनी हात झटकला, दुसऱ्या हातावर घेतलं, आणि त्या गडबडीत एक अख्खा हात हिशेबातून निसटला. पंधरा भरून झाले होते, ते चौदा समजून पुढे निघाले.

मला कळलं होतं. चाळीसहून जास्त वर्षं त्या हाताखाली काढल्यावर मला कळणार नाही तर कुणाला? मी ओरडणार कसा? मला कुणी हलवलं तरच मला आवाज. मी नुसता टांगून राहिलो आणि आतल्या आत थरथरलो.

आता ओबो. ओबो म्हणजे एक बारीक, काळं, तोंडाने फुंकायचं वाद्य. नाकात बोलणाऱ्या, पण मनाने प्रेमळ मावशीसारखा आवाज. आईचं वाक्य संगीतकारांनी ओबोला दिलं होतं. ओबो वाजवणाऱ्या बाईंनी ते सुरू केलं. "दार उघडंच आहे रे, ये..." शब्द नव्हते, पण मला प्रत्येक शब्द ओळखू येत होता. काठीवाल्यांनी काठी आमच्याकडे रोखली. सगळी वाद्यं थांबली, माझ्यासाठी जागा करून. गडगडे खाली मान घालून आपल्या हाताकडे बघत होते. त्यांच्या हिशेबाने अजून बारा घरं बाकी होती.

मी बोललो नाही.

आणि त्या शांततेत ओबो पुढे वाजत राहिला. आम्हाला दोघांनाही वाटायचं की 'ये' पाशी तो थांबत असेल. तो थांबत नव्हता. कधीच थांबला नव्हता. दोन सूर, पहिल्यापेक्षा दुसरा जरा ओढलेला. मध्ये एक श्वास. मग झपझप तीन-चार सूर, आणि शेवटचा टुणकन उडी मारून वर.

गडगड्यांचा अंगठा पेरावर थांबला. मान वर आली.

अहो, ऐकलंत का?

नदीकाठच्या त्या वादळात, पांढरे केस लावून, भरल्या नाट्यगृहासमोर बाई रोज आपल्या नवऱ्याला हाक मारत होत्या. लग्नानंतरची दहा वर्षं. आणि आम्ही दोघं मिळून रोज ती हाक बुडवत होतो. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या क्षणी मला कुणीतरी मधोमध दुमडल्यासारखं झालं.

गडगडे माझ्या इतक्या जवळ उभे होते की त्यांचं बोलणं मला एकट्यालाच ऐकू आलं. "ऐकलं गं," ते म्हणाले. "ऐकलं."

मग त्यांनी माझ्या मुठी धरल्या. तोवर चार ठोके निघून गेले होते, व्हायोलिनं सुरू झाली होती, काठीवाल्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. गडगड्यांनी मला खांद्यातून हलवायला हवं होतं. त्यांनी नुसत्या बोटांनी हलवलं, वादळ लांब निघून जात असल्यासारखं. आणि शेवटी तळहात माझ्यावर सपाट ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही.

पडद्यामागे काठीवाले आले. "काका, पूर्ण एक घर उशीर! काय झालं काय?"

"ऐकत होतो," गडगडे म्हणाले.

"ऐकायला खाली लोक बसलेत हो. आपण वाजवायचं असतं."

त्यांचंही खरंच होतं. ओबोवाल्या बाई वाद्य पुसत बसल्या होत्या, गडगडे त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी विचारलं, "तो शेवटचा तुकडा तुम्ही नेहमी वाजवता?"

"पंधरा वर्षं वाजवतेय की. कुणाला ऐकू जात नाही, पण लिहिलंय म्हणून वाजवते." त्यांनी आपला कागद पुढे केला. "आणि हे बघा ना, वर संगीतकारांनीच पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'हसत हसत'. एवढ्या वादळात हसायचं कशाला, मला आजवर कळलं नाही."

"मला कळलं," गडगडे म्हणाले. आणि तिथेच, नगाऱ्याच्या पेटीवर बसून, सत्तर वर्षांचा तो माणूस लहान मुलासारखा रडला. रडता रडता हसला.

माझ्या जागी ती काळी पेटी आली. कार्यक्रम बिनचूक व्हायला हवा होता, तो झाला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सभागृहामागच्या अडगळीच्या खोलीत मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंय, दुकानात होतो तसंच. अंगावर एक शिडी टेकवलीय, पायाशी मोडक्या खुर्च्या. या खोलीचं छप्पर पत्र्याचं आहे. माझ्याच भाऊबंदांपैकी कुणीतरी. तेही म्हातारं झालंय आणि गळतं. माझ्या अंगावर पावसाचा पहिला थेंब पडला तो तिथून. इतकी वर्षं वाट पाहिली होती त्याची, आणि पडला तर नुसता गार लागला. आता तिथे गंज धरलाय, पाच बोटं मावतील एवढा. गंज खरवडला आणि तेलाचा बोळा फिरवला तर मी अजून बरीच वर्षं काढीन. पण कुणाला सांगायचं?

गडगडे दर आठवड्याला येतात. शिडी बाजूला करतात, तेलाच्या फडक्याने मला पुसतात, पण खांद्याच्या वर त्यांचा हात पोचत नाही, आणि गंज वरच आहे. पुसताना ते आता मोजत नाहीत. मी कितीदा त्यांच्या अंगठ्याकडे लक्ष ठेवून पाहिलं, तो नुसता फडकं धरून असतो.

तर मित्रांनो, कधी कुठल्या अडगळीत माझ्यासारखा पत्रा दिसला तर त्याला कोरडं ठेवा, वरपर्यंत पुसा. तुमचे हात पोचत नसतील तर उंच माणसाला बोलवा. एवढंच मागायचं होतं. आणि हे काय, मघापासून आतून तुम्हाला कुणीतरी हाक मारतंय की! मला ऐकू आली, तुम्हाला कशी नाही आली? उठा, आधी 'ओ' द्या. माझं राहू दे. मला वाट बघायची सवय आहे.